फ्रिजमधला गॅस संपत नाही

गेल्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर आठवड्याभरातच, रत्नागिरीहून बहिणीचा फोन आला. फ्रीझरमध्ये बर्फ होतोय, पण खालच्या कप्प्यातलं दूध संध्याकाळपर्यंत नासतंय. मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने फ्रिजच्या बाजूला हात लावून पाहिलं, "गॅस संपलाय ताई, भरावा लागेल" असं सांगितलं आणि खर्चाचा आकडाही सांगून गेला.

"गॅस संपला" हे वाक्य घरोघरी इतकं बोललं जातं की त्यात काही चूक आहे असं कुणाला वाटतच नाही. फ्रिजमधला गॅस शेगडीतल्यासारखा जळत नाही की स्कूटरच्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी होतो ते फक्त गळतीमुळे, किंवा आधीच्या दुरुस्तीत कमी भरला गेला असेल तर. गळती न शोधता नुसता गॅस भरून घेणं म्हणजे तडा गेलेल्या माठात पाणी ओतणं.

माठाचीच गोष्ट पुढे नेऊ. माठातलं पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. शाळेत आपण याला अप्रकट उष्मा म्हणत होतो. फ्रिजही हेच करतो, फक्त झालेली वाफ तो वाया जाऊ देत नाही. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, बहुधा शंभर ग्रॅमहूनही कमी. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ११.७ अंश सेल्सिअसला उकळतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ ओढून घेतो आणि दाबतो. दाबलेली गरम वाफ कंडेन्सरमध्ये आपली उष्णता स्वयंपाकघरात सोडते आणि पुन्हा द्रव होते. हल्लीच्या फ्रिजच्या बाजू गरम लागतात त्या यामुळेच, कंडेन्सरच्या नळ्या तिथे पत्र्याच्या आत लपवलेल्या असतात. मग हा द्रव कॅपिलरी नावाच्या, भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असलेल्या लांबलचक नळीतून जातो. नळीच्या अलीकडे दाब हवेच्या दाबाच्या साधारण सहापट, पलीकडे जेमतेम साठ टक्के. एवढा दाब उतरल्यावर द्रव उणे २५ अंशांच्या आसपास उकळायला लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता फ्रीझरच्या कॉइलमधून, म्हणजे तिथल्या वळवलेल्या नळीतून, ओढून घेतो.

बहिणीच्या फ्रीझरमध्ये बर्फ होत होता. म्हणजे एवढं सगळं नीट चाललं होतं. मग खाली गारवा का नाही?

याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या हवेत आहे. ३० अंशांच्या बाष्पाने भरलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं, आणि कोकणातली जूनमधली हवा त्याच्या फार मागे नसते. दोनशे लिटरच्या कप्प्यातली हवा एकदा पूर्ण बदलली तर पाचेक ग्रॅम बाष्प आत येतं. ते थंड कॉइलवर जाऊन थेट हिम होतं. एक ग्रॅम वाफेचं हिम होताना सुमारे २,८०० ज्यूल उष्णता सुटते. एक ग्रॅम पाणी ३० वरून ५ अंशांवर आणायला १०५ ज्यूल पुरतात. म्हणजे एक ग्रॅम वाफ ही सत्तावीस ग्रॅम पाण्याइतकी जड पडते! दार उघडं ठेवून "काय खाऊ" असा विचार करत उभं राहिलं की, किंवा झाकण न ठेवता गरम आमटी आत सरकवली की, हा सगळा भार कॉइलवर जातो.

पण खरं नुकसान हिम साचल्यावर होतं. हिमात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ते उष्णतेला जवळजवळ गोधडीसारखं अडवतं. शिवाय फ्रॉस्ट फ्री, म्हणजे हिम आपोआप वितळवणाऱ्या, फ्रिजमध्ये बहुधा एकच कॉइल असते, फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड. एक छोटा पंखा तिच्या पत्र्यांमधून हवा फिरवतो आणि त्यातली थोडी हवा खालच्या कप्प्याकडे पाठवतो. पत्र्यांमधल्या फटी हिमाने बुजल्या की वारा थांबतो. फ्रीझर कॉइलला चिकटून असल्याने काही दिवस गार राहतो, खालचा कप्पा उपाशी मरतो.

हे होऊ नये म्हणून फ्रिज दिवसातून एक-दोनदा स्वतःच थांबतो आणि कॉइलजवळचा हीटर लावून हिम वितळवतो. हीटरची वेळ झाली हे बऱ्याच फ्रिजमध्ये टायमर ठरवतो, आणि हीटर बंद कधी करायचा हे एक बायमेटल. दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावतात आणि पट्टी वाकते. कॉइल थंड असताना जोड मिटलेला, कॉइल पुरेशी गरम झाली की जोड सुटतो. बोटाएवढा हा भाग बिघडून कायमचा सुटाच राहिला तर हीटरला वीज मिळत नाही आणि हिम वाढतच जातं. (अलीकडच्या काही मॉडेलमध्ये हे काम सेन्सर आणि सर्किट बोर्ड करतात.)

मी बहिणीला एवढंच सांगितलं: प्लग काढ, सगळं सामान बाहेर काढ, दोन्ही दारं चोवीस तास उघडी ठेव, खाली जुने टॉवेल पसर, मग चालू कर. गॅस कमी असता तर बर्फ वितळवून काहीच फरक पडला नसता. फ्रिज आधी छान चालला आणि काही दिवसांनी पुन्हा तेच झालं, तर दोष डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे हिम वितळवण्याच्या यंत्रणेत. पंखाही तपासायचा. दार उघडल्यावर तो बऱ्याचदा थांबतो, म्हणून दाराचा खटका बोटाने दाबून ऐकायचं. दाराचं रबर सैल आहे का ते कागद दारात धरून, ओढून बघायचं. कॉम्प्रेसर गुरगुरून टक्कन बंद पडत असेल तर मात्र रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) किंवा व्होल्टेजचा प्रश्न, आणि ते मेकॅनिकचं काम.

या दिवसांत फोनवर एक व्हिडिओ फिरत होता, फ्रिजमध्ये मिठाची वाटी ठेवा म्हणजे गारवा वाढतो. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली तरच मीठ पाणी धरतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते त्यामुळेच. कॉइलवरून आलेली कोरडी हवा मिठाला काही देतच नाही. असल्या सल्ल्यांनी लोकांचा वेळ जातो आणि खरा दोष तसाच राहतो, याचं मला वाईट वाटतं. त्याहून धोक्याचं म्हणजे सुरीने बर्फ खरवडणं. एकदारी फ्रिजच्या फ्रीझरचा पत्रा पातळ असतो, त्याच्या आतच गॅसच्या वाटा असतात, आणि आयसोब्युटेन पेट घेणारा वायू आहे.

बहिणीचा फ्रिज पाच दिवस उत्तम चालला. सहाव्या दिवशी दूध पुन्हा नासलं. दुसऱ्या मेकॅनिकने मागचा पडदा काढला तेव्हा कॉइल पांढऱ्याशुभ्र हिमात गाडली गेली होती. बायमेटल सुटाच होता. नवा बसवल्यावर तिने फ्रिजमागे वाकून पाहिलं, तर वितळलेल्या हिमाचं पाणी झेलणारा, कॉम्प्रेसरवरचा कोरडा पडलेला ट्रे पाण्याने भरला होता, आणि कॉम्प्रेसरच्या उबेने ते पाणी हळूहळू वाफ होऊन तिच्या स्वयंपाकघरात परत जात होतं.