कोरा भिडू जपून वापरा

गेम बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना गेम इंजिन, म्हणजे गेम बांधायचं तयार सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, चित्रं आणि आवाजही जमवता येतात. लवकर संपते ती एकच गोष्ट: ज्याने तो गेम आधी कधीच पाहिलेला नाही, असा माणूस. नागपुरातल्या कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून गेम करणारा गट पहिल्याच आठवड्यात अख्ख्या हॉस्टेलला तो खेळवून मोकळा होतो. खरी चाचणी घ्यायची वेळ येते तेव्हा प्रत्येकाला ठाऊक असतं की तिसऱ्या लेव्हलचं दार डावीकडच्या झाडामागे आहे. परदेशी गेम-उद्योगात अशा एकदाच वापरता येणाऱ्या खेळाडूला टिश्यू पेपरच्या एका ब्रँडचं नाव पडलं आहे. आपण त्याला कोरा भिडू म्हणू.

तो कुठे खर्च करायचा हे कळण्यासाठी दोन कामं वेगळी ओळखावी लागतात. समजा, संत्र्याच्या बागेतून पळायचा गेम आहे. उडी मारली की पोरगा फांदीत अडकून बसतो, हा बग. गेम बनवणाऱ्याच्या मनाप्रमाणे चालत नाही. पण दोनदा टॅप केलं की उंच उडी बसते हे खेळणाऱ्याला सुचतच नसेल, तर कोडमध्ये काही चूक नाही आणि तरी गेम फसला. ही वापरसुलभतेची, म्हणजे यूजेबिलिटीची अडचण. बग शोधायला गटातलेच लोक चालतात, किंबहुना गेमची नस माहीत असलेलेच बरे. दुसऱ्या कामाला मात्र कोराच भिडू लागतो. म्हणून आधी बग काढायचे. नाहीतर पाहुणा पाचव्या मिनिटाला फांदीत अडकतो आणि तो वाया जातो.

बग बहुधा काठावर बसलेला असतो. टोपलीत ९९ संत्री मावत असतील तर ५० वर तपासून काय मिळणार? ०, १, ९८, ९९ आणि १०० वर तपासा. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये हेच झालं. आठ बिटांच्या जागेत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५६ व्या लेव्हलला पडद्यावर फळांची चित्रं काढणाऱ्या भागाचा हिशेब उलटून शून्यावर आला आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग चिन्हांच्या कचऱ्याने भरला. फोनवर आणखी काठ असतात: ऐन उडीत आलेला कॉल, लॉक झालेला स्क्रीन, गेलेलं नेटवर्क, भरलेलं स्टोरेज.

‘उडी नीट बसत नाही’ अशी तक्रार प्रोग्रॅमरच्या काही कामाची नाही. बिल्डचा, म्हणजे गेमच्या त्या वेळच्या आवृत्तीचा क्रमांक, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, क्रमाने काय काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि १० पैकी किती वेळा झालं, एवढं हवंच. शेवटचा आकडा विद्यार्थी हमखास गाळतात. १० पैकी ३ वेळाच येणारा बग पुष्कळदा वेळेच्या गणितातला असतो: एकाच फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एकाच चित्रात, दोन घटना घडतात आणि कोणती आधी हे ठरलेलं नसतं. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात.

गेम मराठीत असेल तर ‘सिताबर्डी’ हा शब्द पडद्यावर आणून पाहा. काही इंजिनांना देवनागरीची जुळणी नीट येत नाही. मग पहिली वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि रफार खाली उतरून पाय मोडलेला ‘र्’ दिसतो. ‘सक्करदरा’ आणि ‘दीक्षाभूमी’ लिहिले की जोडाक्षरंही तपासून होतात. बटणाच्या चौकटीत वरच्या मात्रा कापल्या जातात का, तेही त्याच वेळी दिसतं.

आणि ऊन. एसी लॅबमध्ये झकास चालणारा गेम मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, अडखळतो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत बसेनाशी होते. दोन मिनिटांच्या चाचणीत हे सापडत नाही. सलग अर्धा तास खेळून दर मिनिटाला फ्रेमचा वेळ नोंदवायचा. चार्जर लावून पुन्हा एकदा.

आता कोरा भिडू. त्याला काम द्यायचं, पण गेममधले शब्द वापरायचे नाहीत. ‘डबल टॅप करून फांदीवर जा’ म्हटलं की चाचणी तिथेच संपली. ‘वरची संत्री मिळवून दाखव’ एवढंच म्हणायचं. मग गप्प बसायचं, आणि विद्यार्थ्यांना सगळ्यांत जड हेच जातं. स्वतः बनवलेल्या गेममध्ये समोरचा चाचपडतोय हे पाहताना हात शिवशिवतात. एक इशारा दिला की त्याचा कोरेपणा गेला. तो विचारेल, ‘इथे दाबू का?’ उत्तर एकच: ‘तुला काय वाटतं?’

मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगण्याची पद्धत जुनी आणि कामाची आहे. बोलू द्यायचं ते त्याच्याच भाषेत. ‘हे काऊन उडून नाही राह्यलं बे?’ हे वाक्य नोंदीत जसंच्या तसं उतरवा. ‘खेळाडूला उडीबाबत संभ्रम झाला’ असं इस्त्री केलेलं नको. मधेच ‘का?’ विचारू नका, त्याने तो कारणं रचायला लागतो. पळापळीच्या गेममध्ये बोलता बोलता खेळ बिघडतो. तिथे आधी खेळू द्या, मग स्क्रीनचं रेकॉर्डिंग लावून बोलतं करा.

किती भिडू लागतात? जेकब निल्सन आणि थॉमस लँडाउर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबात एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी भेटतात. म्हणजे ५ जणांत सुमारे ८५ टक्के. हा ५ चा आकडा लोक मंत्रासारखा जपतात, पण तो सरासरीचा आहे. दहातल्या एकालाच नडणारी अडचण ५ जणांत दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. म्हणून १५ जण मिळाले तर त्यांना एकाच दिवशी बसवू नका. पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मधल्या काळात दुरुस्त्या. मायक्रोसॉफ्टने ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या गेमच्या शिकवणीच्या भागावर याहून पुढचं केलं: कारण आणि उपाय स्पष्ट दिसला की एका खेळाडूनंतरही बदल करायचा आणि पुढच्यावर तो तपासायचा. ही पद्धत २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

शेवटी प्रश्नावली. जॉन ब्रूक यांची १९८६ ची एसयूएस, म्हणजे सिस्टम यूजेबिलिटी स्केल, दहा विधानांची आहे; प्रत्येकाला १ ते ५ मधला आकडा द्यायचा. विषम विधानांच्या उत्तरातून १ वजा, सम विधानांचं उत्तर ५ मधून वजा, बेरीज गुणिले २.५. सगळीकडे ३ वर खूण केली तर ५० येतात. ही टक्केवारी नव्हे; सरासरी ६८ च्या आसपास धरतात, म्हणजे ६० आले तर पास झालो असं नाही. शिवाय मित्र भीड म्हणून गुण चढवतात. म्हणून गुणांपेक्षा रेकॉर्डिंगवर विश्वास ठेवलेला बरा.

खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर आई-वडिलांची लेखी संमती आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ खालच्यांना बालक धरलं आहे. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहा आणि पुढे कोणत्या बिल्डला तो बसला तेही. त्या वहीत ज्यांचा क्रमांक अजून नाही, ते शेजारच्या वर्गातले लोक सेमिस्टरच्या शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवा. तोवर त्यांना गेमचा व्हिडिओही पाठवू नका.