अखेरचा काळ: ख्रिस्ती आणि मुस्लिम कल्पनांची पार्श्वभूमी

जगाच्या अंताविषयीच्या ख्रिस्ती आणि मुस्लिम समजुतींची तुलना बहुधा दोन रकाने पाडून केली जाते. एका बाजूला ख्रिस्तविरोधी, दुसऱ्या बाजूला दज्जाल, म्हणजे अखेरच्या काळी लोकांना फसवणारा शत्रू. इकडे गोग व मागोग, तिकडे याजूज-माजूज, म्हणजे अंताआधी उच्छाद मांडणारे लोक. आणि दोन्हीकडे येशूंचे पुनरागमन, मृतांचे पुनरुत्थान व अखेरचा न्याय. ही जुळवाजुळव चुकीची नाही, पण तिच्यात मुख्य गोष्ट निसटते. या दोन परंपरा दूरदूर वाढून योगायोगाने सारख्या झालेल्या नाहीत. सातव्या शतकापासून त्या एकाच प्रदेशात, एकमेकींचे कानावर घेत आणि एकमेकींना उत्तर देत घडत गेल्या, त्यामुळे त्यांच्यातील साम्याला जसा इतिहास आहे तसाच त्यांच्यातील विरोधालाही आहे.

दोन्हींचा पाया यहुदी आहे. इ.स.पू. १६७ च्या सुमारास सेल्यूकिड राजा चौथा अँटायोकस याने जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि यहुदी आचारांवर बंदी घातली. दानिएलाच्या ग्रंथाने आजचे रूप या छळाच्या दिवसांत घेतले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. साम्राज्यांची प्रतीके असलेली चार श्वापदे, देवाविरुद्ध बोलणारा उद्दाम राजा, मोजून दिलेले दिवस आणि धुळीतून उठणारे मृत ही पुढच्या सगळ्या कल्पनांची सामग्री तेथे तयार दिसते. तिच्यात इराणमधील जरथुश्त्री विचारांचा वाटा किती, यावर एकमत नाही.

येशूंच्या पहिल्या अनुयायांना त्यांचे पुनरागमन आपल्या हयातीतच होईल असे वाटत होते. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले, ती पिढी सरली, आणि शतकाच्या अखेरीस, बहुधा सम्राट डोमिशियनच्या राजवटीत, पात्म बेटावरील योहानाच्या नावाने प्रकटीकरणाचा ग्रंथ पुढे आला. त्यातील श्वापदाचा आकडा ६६६ हा नीरो सम्राटाच्या नावाचा अक्षरांक, म्हणजे त्यातील अक्षरांच्या मूल्यांची बेरीज, असावा, हे मत आज सर्वाधिक रूढ आहे. म्हणजे लेखकाच्या डोळ्यांसमोर दूरचे भविष्य नव्हते, रोम होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ख्रिस्तविरोधी म्हटले की लोकांना प्रकटीकरण आठवते, परंतु त्या ग्रंथात हे नाव एकदाही येत नाही. ते येते योहानाच्या पत्रांत, आणि तेथे तर असे पुष्कळ ख्रिस्तविरोधी आधीच येऊन गेल्याचे म्हटले आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला ‘अधर्मी पुरुष’, प्रकटीकरणातले श्वापद आणि पत्रांतला ख्रिस्तविरोधी यांची एकच व्यक्ती करण्याचे काम दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील इरेनेयस आणि हिप्पोलिटस यांच्यासारख्या धर्मपित्यांनी केले. पुढे पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य म्हणजे चर्चचा चालू काळच होय, असा अर्थ लावला आणि पश्चिमेकडील चर्चने दिवस मोजण्याच्या हौशीवर बराच काळ झाकण ठेवले.

कुराणात न्यायाचा दिवस जवळजवळ पानोपानी आहे, पण त्याआधीच्या घटनाक्रमाविषयी फार थोडे आहे. याजूज-माजूज आहेत, त्यांना अडवणारी भिंत झुलकरनैन नावाचा राजा बांधतो, आणि हीच कथा सुमारे इ.स. ६३० मधील सिरियाक भाषेतील एका ख्रिस्ती आख्यानात सिकंदराच्या नावाने येते. येशू, म्हणजे हजरत ईसा, हे ‘त्या घटिकेचे’ चिन्ह असल्याचा उल्लेख त्रेचाळिसाव्या सूरेत आहे, असे बहुतेक भाष्यकार वाचतात. दज्जाल मात्र कुराणात नाही, आणि अखेरच्या काळी येऊन न्याय प्रस्थापित करणारा महदीही नाही. दोघेही हदीसमधून, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या वचनांच्या परंपरेने आलेल्या नोंदींतून, येतात, आणि त्यातही महदीचा नावानिशी उल्लेख बुखारी व मुस्लिम या सर्वाधिक मान्य संग्रहांत नसून अबू दाऊद, तिरमिझी, इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे. दोन रकान्यांच्या तक्त्यात हे थर दिसत नाहीत. कुराणातील आयत आणि नंतरच्या संग्रहातील एखादी रिवायत, म्हणजे कथन, तेथे एकाच वजनाची होऊन बसते.

या हदीसचा भूगोल पाहिला की ती कोठे घोळली गेली याचा अंदाज येतो. ईसा उतरतील ते दमास्कसच्या पूर्वेकडील पांढऱ्या मिनाराजवळ, दज्जालला गाठतील ते लुद्दच्या, म्हणजे पॅलेस्टाइनमधील लोद गावाच्या, वेशीपाशी, आणि त्याआधी रोमन, म्हणजे बायझंटाइन, सैन्य उतरेल ते उत्तर सीरियातील आमाक किंवा दाबिक येथे. ही सगळी ठिकाणे उमय्या खलिफांच्या सीरियातली आणि बायझंटाइन सीमेवरच्या लष्करी छावण्यांच्या टापूतली आहेत. या मुलखातील बहुसंख्य प्रजा तेव्हा ख्रिस्ती होती. खलिफा अब्द अल-मलिक याने जेरुसलेमला इ.स. ६९१-६९२ च्या सुमारास पूर्ण केलेल्या घुमटाच्या (डोम ऑफ द रॉक) आतील लेखात ख्रिस्ती लोकांना थेट उद्देशून सांगितले आहे की, मर्यमपुत्र ईसा हे अल्लाहचे प्रेषित आहेत, ‘तीन’ म्हणू नका, म्हणजे त्रैक्य मानू नका.

नेमक्या याच सुमारास उत्तर मेसोपोटेमियात कोणा सिरियाक ख्रिश्चनाने, चौथ्या शतकाच्या आरंभी हुतात्मा झालेल्या मेथोडियस या बिशपचे नाव घेऊन, एक भविष्यग्रंथ लिहिला. त्यात इश्माएलाच्या वंशजांची, म्हणजे अरबांची, सत्ता ही तात्पुरती शिक्षा ठरते. मग रोमनांचा शेवटचा सम्राट झोपेतून उठल्यासारखा उठतो, त्यांना हाकलतो आणि अखेरीस येशूंना जेथे क्रूसावर चढवले त्या गोलगथाच्या टेकडीवर आपला मुकुट क्रूसावर ठेवतो. त्यानंतर क्रूस मुकुटासह स्वर्गात जातो आणि ख्रिस्तविरोधी प्रकट होतो. बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीसमध्ये ईसा परत येऊन क्रूस मोडतात, डुकरे मारतात आणि जिझिया बंद करतात. एकीकडे शेवटच्या अंकात मुकुट क्रूसावर चढतो, दुसरीकडे ज्यांच्यासाठी तो क्रूस पुजला जातो तेच स्वतः येऊन तो मोडतात. शेजारच्या धर्माचा अंतिम साक्षीदार आपल्या बाजूने उभा करणारी ही दोन टोके एकमेकांना ठाऊक नसतील, असे मानणे मला तरी अवघड जाते.

दमास्कसच्या मिनाराची पुढची हकीकतही याच वळणाची आहे. चौदाव्या शतकात तेथेच राहणारा इतिहासकार इब्न कसीर नोंदवतो की, हिजरी ७४१, म्हणजे १३४० च्या सुमारास, उमय्या मशिदीचा आगीत सापडलेला मिनार पांढऱ्या दगडात पुन्हा बांधण्यात आला आणि आग लावल्याचा आळ ज्यांच्यावर होता त्या ख्रिस्ती रहिवाशांच्या पैशातून तो बांधला गेला. ईसांनी ज्यावर उतरायचे तो मिनार ख्रिश्चनांच्याच पैशातून उभा राहावा, यात त्याला भविष्यवाणीची खूण दिसते. दंडवसुलीचा हा इतका भाविक हिशेब विरळाच!

महदीची कल्पना मात्र मुख्यतः मुस्लिमांच्या आपसांतील यादवीतून आली. ६८० मध्ये करबला येथे प्रेषितांचे नातू इमाम हुसैन मारले गेले. त्यानंतर मुख्तार या बंडखोर नेत्याने कुफा येथे अलींचे पुत्र मुहम्मद इब्न अल-हनफिया यांना महदी म्हणून पुढे केले. आणि आठव्या शतकात अब्बासी घराण्याचे लोक खुरासानातून, महदीच्या आगमनाशी जोडले गेलेले काळे झेंडे घेऊन, निघाले. शियांच्या इमामी शाखेत ८७४ मध्ये अकरावे इमाम निवर्तल्यावर बारावे इमाम गुप्त झाले आणि तेच महदी म्हणून परततील, ही श्रद्धा स्थिरावली. ख्रिस्ती परंपरेत या पात्राला सरळ जोड नाही. १३७७ मध्ये इतिहासकार इब्न खल्दूनने महदीविषयक हदीस एकेक करून तपासल्या आणि बहुतेकांच्या कथनसाखळ्या, म्हणजे त्या सांगणाऱ्यांच्या परंपरा, कच्च्या ठरवल्या, तरी दावेदार थांबले नाहीत.

यातील एक अध्याय महाराष्ट्रात घडला. जौनपूरच्या सय्यद मुहम्मद (१४४३-१५०५) यांनी आपणच महदी असल्याचे जाहीर केले आणि त्यांचा महदवी पंथ गुजरात व दख्खनमध्ये पसरला. हिजरी सन १००० जवळ येत असताना, १५८९ मध्ये, अहमदनगरच्या निजामशाहीत जमालखान हा महदवी सरदार सर्वेसर्वा झाला आणि त्याने बालराजा इस्माईलच्या नावाने आपल्या पंथाला राजधर्म केले. ज्या दरबारात पन्नासएक वर्षे गुप्त इमामांची वाट पाहणारा शिया पंथ होता, तेथे महदी येऊन गेले असे मानणारे सत्तेवर बसले. १५९१ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील रोहणखेड येथे जमालखान लढाईत मारला गेला, इस्माईलचा बाप बुऱ्हाण गादीवर आला आणि शिया पंथ परतला.

युरोपात १५२९ मध्ये तुर्क व्हिएन्नाच्या दारात आले तेव्हा मार्टिन ल्यूथरने ख्रिस्तविरोधी पोपला ठरवले आणि दानिएलाच्या श्वापदाचे लहान शिंग तुर्काला दिले. आजच्या इव्हँजेलिकल वेळापत्रकाचे वय त्याहून कमी आहे. मंडळीला आधी वर उचलून घेतले जाईल आणि मग सात वर्षांचे महासंकट येईल, ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात केली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधील टिपांनी ती घरोघर नेली. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाल्यावर तिला जणू पुरावाच मिळाला. दरम्यान पंजाबात, मिशनऱ्यांशी वाद घालता घालता, कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी ईसा मृत्यू पावले असून अपेक्षित मसीहा आणि महदी ही एकच व्यक्ती, म्हणजे आपणच, असे प्रतिपादन केले. दज्जाल म्हणजे त्यांच्या मते या पाद्र्यांचीच चळवळ. बहुसंख्य मुस्लिमांनी हा दावा फेटाळला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही देवघेव पुन्हा उघड झाली. १९८० च्या दशकापासून अरबीत खपलेल्या लोकप्रिय भविष्यपुस्तकांनी अमेरिकी इव्हँजेलिकल साहित्यातून बरेच उचलले, आणि २००१ नंतर काही अमेरिकी लेखकांनी मुस्लिमांचा महदी हाच आपला ख्रिस्तविरोधी, असे लिहायला सुरुवात केली. सीरियात २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने दाबिक हे लहानसे गाव घेतले आणि आपल्या मासिकाला त्याचेच नाव दिले, कारण रोमनांशी अखेरची लढाई तेथे व्हायची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये तुर्कस्तानच्या पाठिंब्यावरील सीरियाई बंडखोरांनी ते गाव फारशा प्रतिकाराविना घेतले. त्याच्या महिनाभर आधीच संघटनेने ‘दाबिक’ बंद करून ‘रुमिया’, म्हणजे रोम, या नावाचे नवे मासिक काढले होते.