अनेगाडाला शिडाच्या नौकेने: निघण्याआधी एवढं वाचा

नौका ठरवताना बहुतेक जण पहिल्याच फोनवर विचारतात, "अनेगाडाला नेणार ना?" नेणार. पण किती वाजता निघायचं ते आमचा नाखवा ठरवेल. बाकी सगळा बेत तुमचा.

त्याचं कारण बेटाच्या नावातच आहे. स्पॅनिशमध्ये 'अनेगाडा' म्हणजे बुडालेली. कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांतली इतर मोठी बेटं डोंगराळ, लांबूनच दिसणारी. हे मात्र प्रवाळाचं, सपाट. सर्वांत उंच जागा जेमतेम 8.5 मीटर. शेजारच्या व्हर्जिन गोर्डा बेटाच्या नॉर्थ साउंड या खाडीतून निघालं की वारा उजव्या अंगाला घेत अडीच-तीन तास जायचं, आणि बराच वेळ समोर नुसतं पाणी. मग आधी झाडांचे शेंडे दिसतात, जमीन नंतर. पूर्वेकडून आग्नेयेला पसरलेल्या हॉर्सशू रीफने, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकाने, कित्येक गलबतं गिळली आहेत; 1808 मध्ये ब्रिटिश आरमाराचं 'ॲस्ट्रिया'सुद्धा.

खडक ओळखायचा तो पाण्याच्या रंगावरून. गडद निळं ते खोल, फिकट हिरवं ते उथळ, तपकिरी दिसलं की दूर. सूर्य वर आणि पाठीशी असेल तरच हे रंग कळतात. म्हणून आठच्या सुमारास निघायचं. ढग दाटले तर बेत दुसऱ्या दिवशी. यावर घासाघीस नको.

मुंबई-गोव्याकडे शीड हाकलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: बंदरात शिरताना लाल बोया आपल्याकडे डाव्या हाताला असतो, इथे उजव्या. सुकाणूवरचा हात सवयीने चुकतो. भरती-ओहोटीची मात्र मुंबईइतकी धास्ती नको. इथे पाणी फूट-दीड फूटच चढतं-उतरतं.

नांगर अनेगाडाच्या सेटिंग पॉइंट या धक्क्याजवळ. रीफवर नांगर टाकायला बंदी आहे. बेटावर वस्ती अगदी तुरळक. तळ्यातले रोहित पक्षी 1992 मध्ये बर्म्युडातून आणून सोडलेल्यांचा वंश. लांबूनच दिसतात, दुर्बीण आणा. किनाऱ्यावर निखाऱ्यांवर भाजलेली शेवंड मिळते, पण ती दुपारीच सांगून ठेवावी लागते. आयत्या वेळी गेलात तर उपाशी परताल.

शाकाहारी मंडळींनी डाळ-तांदूळ, भाजी टोर्टोला या मुख्य बेटावरच भरून घ्यावी. गोडा मसाला मात्र घरूनच आणा. आणि जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर आम्ही नौका देत नाही.