मुखर्जी, मीरा

मुखर्जी, मीरा : (१९२३–१९९८). आधुनिक भारतीय शिल्पकार. बस्तरच्या घडवा कारागिरांची धातू ओतण्याची रीत आत्मसात करून तिच्यातून मोठ्या आकाराची ब्राँझ शिल्पे घडवणाऱ्या कलावंत म्हणून त्या ओळखल्या जातात.

जन्म कलकत्त्याचा. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांच्या ‘इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट’मध्ये शिकू लागल्या. १९४१ मध्ये विवाह झाला. तो फार काळ टिकला नाही. पुढे दिल्ली पॉलिटेक्निकमधून त्यांनी कलेची पदविका घेतली. १९५३ मध्ये शिष्यवृत्ती मिळून त्या म्यूनिकच्या कला अकादमीत दाखल झाल्या. तिथे चित्रकला मागे पडली आणि टोनी श्टाडलर व हाइनरिख किर्शनर यांच्या हाताखाली शिल्पकलेकडे त्यांचा ओढा वाढला. आपल्या देशातल्या परंपरेत मुळे शोध, असे श्टाडलर यांनीच त्यांना सुचवले. हा सल्ला त्या काळी अनेक भारतीय कलावंतांना मिळत होता. बहुतेकांनी त्याचा अर्थ लोककलेतले आकार उचलणे असा घेतला. मीराबाई थेट कारागिरांच्या भट्टीशी जाऊन बसल्या.

म्यूनिकहून परतल्यावर काही वर्षे त्यांनी शाळांत शिकवले. त्याच सुमारास मध्य प्रदेशात असलेल्या (आता छत्तीसगडमधल्या), गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये त्या घडवा लोकांकडे काम शिकल्या. १९६१ पासून भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या वतीने देशभरातल्या धातुकारागिरांचा अभ्यास करताना बंगाल-बिहारपासून दक्षिणेतल्या, मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींपर्यंत आणि नेपाळपर्यंत त्यांची भटकंती झाली. ‘मेटल क्राफ्ट्समेन ऑफ इंडिया’ (१९७८) हा ग्रंथ या अभ्यासातून आला. घडणारा आणि कल्पना करणारा असे दोन वेगळे वर्ग करणे त्यांना मान्य नव्हते. दोघेही विश्वकर्म्याचेच वंशज, असे त्या मानत. १९६८ मध्ये त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तोही धातुकामातल्या कुशल कारागिराचा. म्यूनिकमध्ये शिकून आलेल्या दुसऱ्या एखाद्या शिल्पकाराला कारागीर म्हटलेले रुचले असते का, ही शंकाच आहे.

घडवांची रीत समजली की मीराबाईंची शिल्पे वाचता येतात. आधी चिकणमातीचा गाभा करतात, वस्तूच्या ढोबळ आकाराचा. तो वाळला की मधमाशांचे मेण तापवून, दट्ट्याच्या नळीतून दाबून त्याचे शेवयांसारखे धागे काढतात. हे धागे गाभ्यावर एकाला एक लावून गुंडाळायचे; डोळे, दागिने, बोटे हेही मेणाच्या तुकड्यांनीच बसवायचे. वरून आधी अगदी बारीक गाळलेल्या मातीचा लेप, मग भुसा मिसळलेल्या जाड मातीचे थर. भट्टीत साचा भाजला की मेण वितळून निघून जाते आणि त्याने सोडलेल्या पोकळीत धातूचा रस उतरतो. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून दुसरी तंतोतंत तशीच निघत नाही. मेणाच्या धाग्यांच्या रेघा मात्र धातूवर जशाच्या तशा उमटतात.

ही रीत देवदेवतांच्या मूर्ती, हत्ती-घोडे, दिवे अशा ओंजळीत मावणाऱ्या वस्तूंसाठी बेतलेली. मीराबाईंनी तिला माणसाहून उंच आकृती पेलायला लावल्या. तेवढा साचा एका दमात भाजता येत नाही. शिल्प तुकड्यातुकड्यांनी ओतायचे आणि जोडायचे. सांधे लपवायचा आटापिटा त्यांनी केला नाही. ओतताना वर आलेले कंगोरे, धाग्यांच्या रेघा, मेणाच्या बारक्या पट्ट्या हे सगळे त्यांनी पृष्ठभागावर राहू दिले. त्यामुळे त्यांच्या ब्राँझला कांथा या बंगाली गोधडीकामातल्या टाक्यांसारखा पोत येतो. गुळगुळीत, चकाकणाऱ्या धातूची सवय असलेल्या डोळ्यांना तो सुरुवातीला ओबडधोबड वाटतो.

‘अशोक अॅट कलिंग’ (१९७२) हे त्यांचे सर्वांत गाजलेले शिल्प. सुमारे साडेतीन मीटर उंचीचा हा सम्राट दिल्लीच्या मौर्य हॉटेलच्या आवारात आहे. विजयाचा कैफ त्याच्यात कुठेच नाही. युद्धानंतरच्या अशोकाचा भार अंगावर पांघरलेल्या धातूच्या जाड, खरबरीत थरांतून जाणवतो. नक्षलवादी चळवळ आणि तिचा बीमोड यांत कलकत्ता होरपळत होते त्या वर्षांतले हे काम आहे, हे लक्षात घेतले की विषयाची निवड अधिक कळते. स्मारकशिल्पाची भव्यता असूनही त्यात दरारा नाही. आपल्याकडच्या चौकाचौकांतले अश्वारूढ पुतळे पाहून तयार झालेल्या अपेक्षांना तिथे धक्काच बसतो.

बाकीच्या शिल्पांत मात्र राजेमहाराजे फारसे सापडत नाहीत. माती वाहणारे मजूर, झाडाखाली घण घालणारे लोहार, कोळी, नावाडी, विणकर, बंगालमधले भटके बाऊल गायक, खचाखच भरलेली मिनीबस असे विषय त्यांनी निवडले. या आकृत्या बहुधा कामात गुंतलेल्या असतात आणि त्यांच्या शरीरांना एक लय असते. मीराबाईंनी हिंदुस्थानी संगीत शिकले होते, त्याच्याशी या लयीचा संबंध अभ्यासक जोडतात.

त्यांच्याच वर्षी मुंबईत जन्मलेल्या पिलू पोचखानवाला भंगारातले धातूचे तुकडे वेल्डिंगने जोडून अमूर्त शिल्पे करत होत्या. धातूचे जड काम बायकांचे नव्हे या समजाला दोघींनी उलट्या दिशांनी उत्तर दिले. एकीच्या हाती कारखान्यातले साहित्य, दुसरीच्या हाती माती आणि मेण. भारतीय आधुनिक शिल्पकलेच्या इतिहासात दोघींना बरोबरीने वाचले जायला हवे, पण तसे क्वचितच होते.

उत्तरायुष्यात मीराबाईंचे काम कलकत्त्याजवळच्या नरेंद्रपूर परिसरातल्या एलाची गावात चाले. ओतकामाला गावातलेच लोक हाताशी असत. तिथल्या बायका-मुलांना त्यांनी कांथा भरतकामाला लावले आणि मुलांसाठी गोष्टीही लिहिल्या. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मृत्यूसमयी बुद्धाच्या एका प्रचंड शिल्पाचे काम चालू होते.