जलपर्णी: बंगालच्या कायद्यापासून महापालिकेच्या निविदेपर्यंत

फेब्रुवारी उजाडला की मुळा, पवना, इंद्रायणीच्या काठच्या वस्त्यांतून डासांच्या तक्रारी सुरू होतात. उन्हाळ्यात यंत्रे पात्रात उतरतात आणि पावसाळ्यातला पहिला मोठा पूर उरलेली जलपर्णी भीमेवाटे उजनीकडे ढकलतो. पवईचा तलाव, कोल्हापूरचा रंकाळा, नागपूरचा अंबाझरी, चंद्रपूरचा रामाळा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. कोल्हापूरकडे हिला केंदाळ म्हणतात, चंद्रपूरकडे इकॉर्निया. पैसा दर वर्षी खर्च होतो, वनस्पती दर वर्षी परत येते. हे चक्र शंभर वर्षांहून जुने आहे आणि ते महाराष्ट्रात सुरू झालेले नाही.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. तिथे मोठे पूर तिला वाहून नेतात आणि तिच्यावरच पोसणारे किडे तिला आटोक्यात ठेवतात. एकोणिसाव्या शतकात जांभळ्या फुलांसाठी ती बागांमधून जगभर गेली; किडे मागेच राहिले. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीवर आगबोटी अडू लागल्या. १९१० मध्ये लुईझियानाचे खासदार रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी तर आफ्रिकेतून पाणघोडे आणून ही वनस्पती त्यांना चारावी, शिवाय पाणघोड्यांचे मांसही खावे, असे विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडले. ते बारगळले हे बरेच झाले, नाहीतर आज तिथे पाणघोडे आवरण्याच्या निविदा निघाल्या असत्या.

भारतात ती आली बंगालमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, शोभेची वनस्पती म्हणूनच. काही दशकांत पूर्व बंगालचे खाल-बील, म्हणजे कालवे आणि पाणथळी, तिने भरून गेले. भाताची शेते दडपली, तागाच्या होड्या अडल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले, कारण शत्रूनेच ती पाठवली अशी वदंता होती. १९२१ मध्ये बंगाल सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली जलपर्णी समिती नेमली. फवारणीचे प्रयोग झाले. १९३६ मध्ये स्वतंत्र कायदा आला आणि आपल्या जागेतली जलपर्णी काढण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावर टाकली गेली. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत सगळ्याच पक्षांनी जलपर्णी निर्मूलनाचे आश्वासन दिले. फजलुल हक यांचे मंत्रिमंडळ आल्यावर मोहीमही निघाली आणि १९३९ मध्ये खास ‘जलपर्णी सप्ताह’ पाळला गेला.

हा कायदा वनस्पतीपुरता होता, पाण्याला त्याने हात लावला नाही. रेल्वे आणि रस्त्यांच्या भरावांनी बंगालचे वाहते पाणी जागोजागी अडले होते. एका शेतकऱ्याने आपला तुकडा साफ केला तरी शेजारच्या साचलेल्या पाण्यातून आठवडाभरात नवी झाडे तरंगत येत. आपल्या निविदांतही नेमकी हीच खोट आहे: हेक्टर आणि टन मोजले जातात, पाणी कुठे थांबते आणि त्यात काय मिसळते हे मोजले जात नाही.

महाराष्ट्रात भरावांची जागा बंधाऱ्यांनी घेतली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरताच बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात. तिथून पुढे नदी म्हणजे ओळीने मांडलेले तलावच. पंचगंगेवर तेरवाडसारख्या बंधाऱ्याला केंदाळ अडते ते त्यामुळेच. अडलेल्या पाण्यात शहरांचे सांडपाणी येते आणि त्यातले नत्र व स्फुरद हे जलपर्णीचे थेट खत असते. सांडपाणी प्रक्रिया केंद्र असूनही फरक का पडत नाही, असे विचारले जाते. साध्या केंद्रांत सेंद्रिय घाण कमी होते. नत्र-स्फुरद काढणारा टप्पा वेगळा असतो आणि तो नसला तर दिसायला स्वच्छ पाणीही जलपर्णीला पोसते.

आता वाढीचा हिशेब. एक झाड आडव्या धावत्या फांद्यांनी नवी रोपे सोडते आणि अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. समजा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तलावाचा ९९ टक्के भाग साफ केला आणि कडेच्या लव्हाळ्यात १ टक्का राहिला. एकाचे दोन, दोनाचे चार, असे सात वेळा झाले की तलाव पुन्हा भरतो. म्हणजे चौदा आठवडे, थंडीने वेग मंदावला तर थोडे जास्त. फेब्रुवारीच्या तक्रारी इथून येतात. म्हणून काम करायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पसारा लहान असताना, आणि मुख्य सफाईनंतर दर दहा-पंधरा दिवसांनी होडीतून कडा, पुलाचे खांब आणि नाल्यांची तोंडे तपासून एकेक रोप उचलायचे. या फेऱ्यांना पैसा फार लागत नाही, पण निविदेत त्या क्वचितच असतात, कारण टनावर बिल निघते आणि उचललेल्या चार रोपांचे वजन भरत नाही.

उशीर झाला की वजनच अंगावर येते. दाट जलपर्णी हेक्टरी २०० ते ४०० टन ओली भरते आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. दहा टनी टिपर धरला तर एका हेक्टरला वीस ते चाळीस खेपा. प्रत्यक्षात जास्तच, कारण पोकळ फुगीर देठांमुळे वजन भरण्याआधी टिपर भरतो. मग सोपा मार्ग निघतो: पोकलेनने ओढून काठावरच ढीग. ढिगातली वरची झाडे वाळतात, आतली हिरवी राहतात, आणि पाणी चढले की पुन्हा तरंगतात. काढलेला माल पूररेषेच्या वर, पातळ थर करून वाळवला तर वाहतूक बरीच हलकी होते. शेण आणि सुका पालापाचोळा मिसळून खतही होते, पण ढिगाचे तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकले नाही तर बी जिवंत राहते. कारखान्यांचे पाणी येणाऱ्या तलावातली जलपर्णी खतासाठी घेऊच नये; ती जड धातू मुळांत साठवते.

बियांचा प्रश्न वेगळाच. बी तळच्या गाळात पंधरा-वीस वर्षे टिकू शकते आणि उघड्या, ओल्या, उन्हातल्या गाळावर रुजते. म्हणून तलाव रिकामा करून ‘कायमचा निकाल’ लावल्यावर कडेच्या गाळात हिरवी रोपे उगवलेली दिसतात. गाळ काढायचा तर तो बाहेर न्यायला हवा, बांधावर पसरून ठेवायला नाही.

तणनाशकाचा मोह जुना आहे. फवारलेली झाडे मरतात, पण बुडून कुजतात, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यातच मिसळतात. पिण्याच्या पाण्याच्या तलावात तर हा विचारही नको.

किड्यांचा उपाय भारतात १९८० च्या दशकात आला. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या निओकेटिना जातीच्या दोन भुंग्यांची परीक्षा घेऊन ते बंगळुरू परिसरातल्या तलावांत सोडले गेले, पुढे मणिपूरच्या लोकटाक सरोवरातही. प्रौढ भुंगा जेमतेम अर्धा सेंटिमीटर, पानावर लहान चौकोनी ओरखडे काढतो. अळी देठ पोखरते आणि कोष पाण्याखालच्या मुळांवर बांधते. परिणाम दिसायला दोन ते चार वर्षे लागतात. हा भुंगा इथे टिकणे अवघड का, हे त्याच्या कोषावरून कळते: उन्हाळ्यात सगळी झाडे उपसली की पुढची पिढीही टिपरात जाते, आणि नदीत तर पूर ती नेतोच. त्यामुळे हा उपाय बंदिस्त तलावांसाठी, एक कोपरा न छेडता राखून. साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्यावर मात्र दुसऱ्याच एका भुंग्याने झटपट काम केले. बंगळुरूतले एक कमळतळे वर्षभराच्या आत मोकळे झाले आणि नंतर केरळच्या कुट्टनाडातही तोच भुंगा उपयोगी पडला.

२००१ मध्ये केंद्राची राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना सुरू झाली आणि पवई, रंकाळा अशा तलावांना निधी मिळाला. सर्वात टिकाऊ खर्च नाले वळवण्याचा, सर्वात दिसणारा खर्च सुशोभीकरणाचा. दोन्हींत ओढाताण ठरलेली.

पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांचा शत्रू वेगळा आहे: बेशरम. भंडारा-गोंदियाचे हे तलाव कोहळी समाजाने बांधले आणि सांभाळले. १९५० नंतर मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभाल सुटली. कुंपणाला आणि बांधाला लावलेली ही मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली झुडपे पाळीतून आत शिरली. गुरे खात नाहीत, आणि तोडलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीत मूळ धरतो, त्यामुळे कोयत्याने छाटणे म्हणजे लागवडच. धीवरांच्या संस्थांसोबत झालेल्या कामातली रीत अशी: उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर कुदळीने मुळासकट उपटायचे, कोरड्या जागी वाळवून जाळायचे, मोकळी जमीन नांगरायची आणि पहिल्या पावसाआधी तिथे देशी पाणवनस्पती लावायच्या, कारण मोकळी जागा बेशरमच आधी पकडते. या देशी वनस्पतींच्या आधाराने मासे अंडी घालतात. दुसऱ्या उन्हाळ्यात राहिलेले फुटवे पुन्हा उपटावे लागतात.