कोरोबेयनिकी (टेट्रिसची चाल)

वरून पडणाऱ्या विटा जुळवण्याच्या ‘टेट्रिस’ या व्हिडिओ गेमची ओळख ठरलेली आणि त्याच्या अनेक आवृत्त्यांत पुन्हा पुन्हा वापरली गेलेली रशियन लोकगीताची चाल. गीताचे शब्द कवी निकोलाय नेक्रासोव यांच्या १८६१ मधील ‘कोरोबेयनिकी’ या दीर्घ कवितेतले आहेत. ‘कोरोब’ म्हणजे पेटारा, आणि तो पाठीवर घेऊन खेडोपाडी माल विकणारा फेरीवाला म्हणजे कोरोबेयनिक. आपला पेटारा चिटाने आणि किनखापाने भरला आहे असे सांगत तो कात्या नावाच्या तरुणीशी सौदा करतो आणि ती बाकी सारा माल परत करून फक्त निळ्या खड्याची अंगठी ठेवून घेते. मूळ कवितेचा शेवट फेरीवाल्यांच्या खुनात होतो, परंतु गाणाऱ्यांनी सहसा सौद्याचाच भाग उचलला.

अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर हा खेळ रचला तेव्हा त्यात संगीत नव्हते. खेळ परदेशात विकताना त्याचे रशियनपण ठसवण्यासाठी कंपन्यांनी रशियन चाली शोधल्या. जुन्या लोकगीतावर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, हीही त्यातली मोठी सोय. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात धरायच्या खेळयंत्रावर १९८९ मध्ये आलेल्या आवृत्तीसाठी हिरोकाझू तानाका यांनी ही चाल ‘ए’ या नावाने बसवली. जपानमधील अगदी पहिल्या प्रतींत ‘ए’खाली दुसरीच चाल होती, ती पुढे बदलण्यात आली. त्याच खेळातली ‘सी’ चाल जर्मन संगीतकार बाखची, तर निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावरील टेट्रिसमध्ये रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचे संगीत होते. तरीही लोकांच्या कानांत राहिली ती फेरीवाल्याचीच चाल. १९९२ मध्ये ‘डॉक्टर स्पिन’ या नावाने निघालेले तिचे नृत्यसंगीताचे रूप ब्रिटनच्या विक्रीयादीत सहाव्या क्रमांकावर पोचले. त्या नावामागे अँड्र्यू लॉइड वेबर हे संगीतकार होते.

गोव्यातील मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. संगीत नाटकाच्या छापील पदावर ‘चाल : अमुक’ असे लिहिण्याची आणि भजनी मंडळींनी ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवण्याची रीत येथे जुनीच आहे, फरक इतकाच, की खेळात चाल राहिली आणि शब्द पूर्ण गळाले. भजनाच्या पेटीवर पहिली ओळ ‘प रे ग म ग रे सा, सा ग प म ग रे’ अशी वाजते. यातला गंधार कोमल आहे. पुढच्या ओळीत कोमल धैवत आणि कोमल निषादही येत असल्यामुळे सारी चाल आसावरी थाटाच्या स्वरांत बसते, मात्र तिचे चलन रागाचे नव्हे, नाचाचे आहे, आणि नाचात ती हळूहळू द्रुत होत जाते. जत्रेच्या फेरीतून ‘ब्रिक गेम’ विकत घेतलेल्या पिढीला विटांचा खेळ चांगला ठाऊक आहे. त्याची प्रसिद्ध चालही मुळात एका फेरीवाल्याची, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते.