आंघोळ झाली, वास गेला नाही

नाशिकमधल्या सातपूरच्या कामगार वस्तीत इस्त्रीच्या टपरीपाशी पाच मिनिटं उभं राहा. शर्ट धुतलेला असतो, घडी उघडली तर पावडरीचाच वास येतो. कॉलर झाली, पाठ झाली, बाह्या झाल्या, तोवर काही नाही. काखेच्या शिवणीवर गरम इस्त्री टेकली की मात्र कालचा-परवाचा घाम वाफेबरोबर उठून वर येतो. इस्त्रीवाला मान जरा बाजूला करतो आणि पुढचा शर्ट ओढतो. शर्टाचा मालक रोज आंघोळ करणारा असतो, उन्हाळ्यात दोनदाही. तरी बसमध्ये वरचा दांडा धरताना त्याचा हात अवघडतो.

अशा माणसाला मिळणारा पहिला सल्ला ठरलेला: "नीट घासून आंघोळ करत जा." वास म्हणजे मळ आणि मळ म्हणजे आळस, हे समीकरण आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ते आपल्याकडे कायमचंच असावं असं वाटतं. माझ्या मते ते घट्ट झालं साबणाच्या जमान्यात. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, अशी ज्या गावाच्या नावाची कथा, तिथे बसून नाकाला झोंबणाऱ्या विषयावर लिहायला संकोच कशाला?

महाभारतातली सत्यवती घ्या. दाशराजाच्या घरी वाढलेली, यमुनेवर नाव चालवणारी, अंगाला मासळीचा वास म्हणून मत्स्यगंधा. कथेत तिला कुणी अंग घासायला सांगत नाही. बाई राहते नदीवर. पाण्याने जाणारा वास असता तर केव्हाच गेला असता. तो गेला पराशरांच्या वराने आणि ती योजनगंधा झाली. ट्रायमिथाइलअमिनुरिया नावाच्या आजारावर लिहिताना डॉक्टर मंडळी बरेचदा हिची आठवण काढतात. १९७० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या आजाराचं वर्णन आलं आणि १९९७ मध्ये त्यामागचा एफएमओ-३ या जनुकातला दोष सापडला. मासे, अंडी, कलेजी यांतून आतड्यात ट्रायमिथाइलअमिन तयार होतं. यकृताने त्याचं वास नसलेल्या पदार्थात रूपांतर करायचं असतं. ते जमलं नाही की हा सडक्या मासळीचा वास घाम, श्वास आणि लघवीतून बाहेर पडतो. कितीही साबण लावा, माल आतून येतच राहतो. आजार दुर्मीळ आहे, आणि सत्यवतीला तोच होता असं म्हणण्यात अर्थ नाही. पण वास आणि अस्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे त्या कथेला ठाऊक होतं.

आयुर्वेदानेही घामाचं मूळ कातडीवर न शोधता आत शोधलं. घाम हा मेदाचा मळ. चरकसंहितेत अतिस्थूल माणसाचे आठ दोष मोजलेत, त्यांत दौर्गंध्य आणि अति घाम हे दोन्ही आहेत. अंग चोळून पुसण्याचे फायदे सांगतानाही दुर्गंधी आणि घामाचा किळसवाणेपणा जातो असं म्हटलंय. उटण्याचं घराणं हेच. दिवाळी जवळ आली की रविवार कारंजा, भद्रकाली भागात नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद यांची विचारणा वाढते. (शेतात ज्या लव्हाळ्याला शेतकरी शिव्या घालतो, त्याच्याच भाऊबंदांपैकी हा नागरमोथा.) अंगाला सुवास लावणं हे मात्र निराळं शास्त्र होतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर अख्खा अध्याय आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे सुगंधी द्रव्यांवरचे ग्रंथ अभ्यासून पुढे आणले. त्यातल्या गंधवादावर तर मराठी टीका आहे. म्हणजे धुणं एकीकडे, गंध दुसरीकडे, आणि वास मुळात का येतो हा प्रश्न वैद्याकडे, अशी कामाची वाटणी होती.

साबणाने ही वाटणी मोडली. लाइफबॉय १८९५ मध्ये भारतात आला. कार्बोलिकचा उग्र वास, लाल वडी आणि जंतू मारण्याचं आश्वासन. तिकडे अमेरिकेत १८८८ मध्ये 'मम' नावाचं काखेला लावायचं मलम निघालं होतं. १९०३ मध्ये 'एव्हरड्राय' आलं, ते घामच थांबवणारं, ॲल्युमिनियम क्लोराइडचं. ते इतकं आम्लधर्मी होतं की कातडी चुरचुरायची आणि कपडे विरायचे. एडना मर्फी नावाच्या तरुणीने आपल्या डॉक्टर वडिलांचं असंच औषध बाटलीत भरून विकायला घेतलं. शस्त्रक्रिया करताना हात घामेजू नयेत म्हणून वडिलांनी ते बनवलं होतं. 'ओडोरोनो' असं त्याचं नाव. खप अडला तेव्हा १९१९ मध्ये तिच्या जाहिरातदाराने नवी युक्ती काढली: तुमच्या अंगाला वास येतो, फक्त तुम्हाला कुणी सांगत नाही. ती जाहिरात ज्या मासिकात छापली, त्याची वर्गणी सुमारे दोनशे वाचकांनी रागाने बंद केली. ओडोरोनोचा खप मात्र वाढला. 'लोक मागे काय बोलत असतील' ही धास्ती तेव्हापासून बाटलीबरोबर मिळते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते विज्ञानाच्या बाबतीत शब्दशः खरं ठरलं. घामाच्या ग्रंथी दोन प्रकारच्या, हे १९२२ मध्ये शीफरडेकर या जर्मन शास्त्रज्ञाने स्पष्ट केलं. एक्राइन ग्रंथी जवळजवळ सर्वांगावर असतात. त्यांचा घाम पाणी आणि मीठ, अंग थंड ठेवणारा. एपोक्राइन मुख्यतः काखेत आणि जांघेत. त्या वयात येताना जाग्या होतात आणि केसाच्या मुळाशी दाटसर स्राव सोडतात. पाचवीतला मुलगा दिवसभर मैदानात लोळून आला तरी ज्या घरात तक्रार नसते, त्याच घरात आठवीत त्याच्या शर्टाची चर्चा सुरू होते, ती यामुळे.

१९५३ मध्ये शेली या अमेरिकन त्वचातज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी हा स्राव गोळा करून पाहिला, तर ताज्या घामाला वासच नव्हता. जिवाणू पोहोचले की वास. १९९१ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत त्या वासातलं एक मुख्य आम्ल ओळखलं गेलं. पुढे कळलं की कांद्यासारख्या उग्र भपकाऱ्यामागे गंधकयुक्त थायोअल्कोहोल असतात. ते बनवणाऱ्यांत स्टॅफिलोकॉकस होमिनिस हा जिवाणू आघाडीवर, आणि ज्या विकराने (एन्झाइमने) तो हे काम करतो ते यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं. आता आंघोळ का पुरत नाही ते बघा. साबण वरचे जिवाणू धुतो, केसाच्या मुळातले तिथेच राहतात. काही तासांत वस्ती पुन्हा भरते, आणि ग्रंथी त्यांना खाऊ पुरवतच असते. ज्याच्या काखेत या जिवाणूंचं प्रमाण जास्त, त्याची आंघोळ शेजाऱ्याइतकीच चोख असूनही वास जास्त.

आणि काही जण जन्मतःच सुटलेले. एबीसीसी-११ या जनुकाच्या एका रूपामुळे कानातला मळ कोरडा राहतो, हे २००६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. त्याच रूपामुळे काखेतला वासही नगण्य असतो. पूर्व आशियात असे लोक बहुसंख्य आहेत. यात स्वच्छतेचं श्रेय कुणाचंच नाही.

राहिला शर्ट. टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्र कापड, आपल्याकडे 'न चुरगळणारं, लवकर वाळणारं' म्हणून रुळलं आणि कारखान्यांच्या गणवेशातही शिरलं. बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरचे टीशर्ट तपासले. पॉलिस्टरचे सुतीपेक्षा जास्त वास मारत होते, आणि पॉलिस्टरवर मायक्रोकॉकस जिवाणू चांगले फोफावत होते. पॉलिस्टर तेलकट अंश धरून ठेवतं आणि गार पाण्यात ते पुरतं सुटत नाहीत. इस्त्रीखाली उठतो तो वास हाच. म्हणजे माणूस सकाळी स्वच्छ होऊन कालचाच वास अंगात घालतो.

सगळेच वास काखेतले नसतात. बारा-बारा तास सेफ्टी बूट घालणाऱ्यांच्या तळव्यांना बारीक खड्डे पडतात आणि मोजे काढले की खोलीत थांबवत नाही. तो जिवाणूंचा संसर्ग आहे, लावायच्या औषधाने बरा होतो. जांघेत किंवा काखेत तपकिरी चट्टे असतील तर डॉक्टर वुड्स लॅम्प या अतिनील दिव्याखाली बघतात. एरिथ्राझ्मा हा जिवाणूंचा संसर्ग असेल तर चट्टे पोवळ्यासारखे लाल चमकतात. लसणातलं एक गंधकयुक्त द्रव्य रक्तातून श्वासात आणि घामात उतरतं. (कांद्यालाही दोष देता येईल, पण लासलगावच्या जिल्ह्यात ते बोलायचं कुणी?) अंगाचा वास अचानक बदलला तर मधुमेह, मूत्रपिंड, यकृत तपासून घ्यावं लागतं. आणि कधी वास नसतोच. घरचे शपथेवर सांगतात, तरी माणूस चार-चारदा अंघोळतो, लोकांपासून लांब बसतो. १९७१ मध्ये प्राइस-फिलिप्स या डॉक्टरांनी या अवस्थेला 'ऑल्फॅक्टरी रेफरन्स सिंड्रोम' असं नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत आता तिची स्वतंत्र नोंद आहे. तिथे साबण वाढवला तर त्रासच वाढतो.

पंचवटीतला न्हावी दाढीनंतर गालावरून तुरटीचा खडा फिरवतो. तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार. महागड्या रोल-ऑनमधले क्षार त्याच कुळातले, फक्त ते घामाच्या नळीच्या तोंडाशी गाठ होऊन बसतात. त्यासाठी कातडी कोरडी आणि घाम कमी लागतो, म्हणून ते रात्री झोपताना लावायचं असतं. आपण करतो उलटं. सकाळी ओल्या अंगावर, तेही बहुतेक वेळा नुसता सुवासाचा बॉडी स्प्रे, आणि वरून तोच टेरिकॉटचा शर्ट. शिफ्टची बस दुसऱ्या थांब्यावर पोहोचेपर्यंत दोन्ही वास एकत्र येतात आणि खिडकीजवळचा माणूस काच सरकवतो.